लेकीला पायलट व्हायचंय: एसपीएल आत्ताच काढावं, की बारावीनंतर थेट सीपीएल?

पारिजात_नाशिक
११ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

लेक यंदा अकरावीला. सायन्स, फिजिक्स-गणित दोन्ही आहे. मार्चमध्ये १६ पूर्ण झाली. ओझरच्या एचएएलमुळे सुखोई डोक्यावरून जाणं आमच्याकडे कौतुकाचं राहिलेलं नाही, पण हिचं सातवीपासून तेच चाललंय. आम्हाला वाटलं, दहावीपर्यंत भूत उतरेल. उतरलं नाही. उलट आता तिला सेस्नाचे स्पीड तोंडपाठ आहेत आणि सायकलवर बसतानाही चेकलिस्ट म्हणते.

गेल्या आठवड्यात एका फ्लाइंग स्कूलला फोन केला. तिकडचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, १६ झाली ना? लगेच एसपीएल काढू, सतराव्या वर्षी पीपीएल, बारावी होता होता मुलगी विमान उडवत असेल. या महिन्यात पूर्ण फी भरलीत तर सवलत देतो." आकडा ऐकून मी फोन ह्यांच्याकडे दिला.

मी झेडपीच्या शाळेत, हे एसटीच्या वर्कशॉपमध्ये. सिन्नरला एक प्लॉट आहे, बस्स. लेकीला चष्मा आहे, उणे सव्वा. तर एसपीएल, पीपीएल, सीपीएल ही काय भानगड आहे, आत्ता नक्की काय करायचं, आणि चष्म्यामुळे सगळंच बारगळणार का, हे जाणकारांनी सांगावं. सल्ला कडू असला तरी चालेल.

मधुमालती
११ जून, रात्री ९:५८

अरे वा! लेकीला मनापासून शुभेच्छा. माहिती शून्य, पण वाचतेय.

कट्टाकाका
११ जून, रात्री १०:१२

ताई, कडू चालेल म्हणालात म्हणून लिहितो. किंगफिशर २०१२ ला बसली. जेट २०१९ च्या एप्रिलमध्ये, गो फर्स्ट २०२३ च्या मेमध्ये. दर वेळी हजारो तासांचा अनुभव असलेले पायलट बाजारात आले आणि २०० तासांच्या पोरांकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. आमच्या नात्यातला एक मुलगा लायसन्स खिशात घालून बँकेच्या वसुली विभागात काम करत होता. नंतर लागला तो एअरलाइनला, पण मधली वर्षं हप्ते बापाने भरले.

आणि 'या महिन्यात भरा, सवलत देतो' म्हटलं की फोन ठेवायचा. साड्यांचा सेल आहे का तो?

शेपटीवारा
११ जून, रात्री ११:२०

पारिजातताई, मी सध्या एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसर आहे, त्याआधी काही काळ इन्स्ट्रक्टर होतो. जरा सविस्तर लिहितो.

एसपीएल म्हणजे स्टुडंट पायलट लायसन्स. वय १६, दहावी पास, क्लास टू मेडिकल आणि फ्लाइंग स्कूलमध्येच होणारी एक छोटी परीक्षा. हे असल्याशिवाय विद्यार्थ्याला एकट्याने विमान नेता येत नाही. पीपीएल म्हणजे खाजगी लायसन्स. वय १७, किमान ४० तास उड्डाण, त्यात एक १५० सागरी मैलांचं क्रॉस कंट्री, म्हणजे दूरच्या ठिकाणापर्यंतचं उड्डाण. ते घेऊन हौसेने उडता येतं, पगार घेता येत नाही. सीपीएल म्हणजे व्यावसायिक लायसन्स. वय १८, बारावी फिजिक्स-गणितासह, क्लास वन मेडिकल आणि २०० तास. त्या २०० मध्ये १०० तास पायलट-इन-कमांड (विमानाची जबाबदारी स्वतःची), एक ३०० मैलांचं क्रॉस कंट्री, १० तास इन्स्ट्रुमेंटचे (बाहेर न बघता, नुसत्या उपकरणांवर), शिवाय रात्रीचं उड्डाण.

आता ते फोनवरचे गृहस्थ जे बोलले नाहीत ते सांगतो. आपल्याकडे सीपीएलच्या आधी पीपीएल घेतलंच पाहिजे असं बंधन नाही. बहुतेक मुलं एसपीएलवर उडत उडत २०० तास पुरे करतात आणि सरळ सीपीएलला अर्ज करतात. पीपीएलचे तास पुढे धरले जातात, त्यामुळे पैसे अगदी पाण्यात जात नाहीत, हेही खरं. पण अकरावी-बारावीच्या मुलीने सुट्टीत चार तास उडायचं, मग सहा महिने काही नाही, मग परत चार तास, यात हात बसत नाही. प्रत्येक खंडानंतर पहिले काही तास मागचं उजळण्यात जातात आणि त्या प्रत्येक तासाचे १२ ते १८ हजार रुपये मोजावे लागतात. घरचं विमान असेल तर गोष्ट वेगळी.

म्हणून माझं मत असं: आत्ता फक्त क्लास टू मेडिकल करून घ्या. डीजीसीएच्या (लायसन्स देणारं सरकारी विमान वाहतूक खातं) यादीतल्या डॉक्टरकडेच होतं. रक्त-लघवी, ईसीजी, छातीचा एक्स-रे, कान, डोळे. खर्च हजारांत आहे, लाखांत नाही. काही मोठं निघणार असेल तर आत्ताच निघू दे, प्लॉट विकल्यावर नको. चष्म्याची काळजी सोडा. चष्म्यासह ६/६ दिसत असेल तर सिव्हिल एव्हिएशनमध्ये अडत नाही. खरी भीती रंगांची. ठिपक्यांच्या चित्रांत आकडे ओळखायचे असतात. कितीतरी मुलांना लाल-हिरव्याचा घोळ असल्याचं त्या खोलीतच पहिल्यांदा कळतं.

पूर्ण फी एकरकमी कुठेही, कुणालाही भरू नका. टप्प्याटप्प्याने, झालेल्या तासांप्रमाणे. याबाबतीत मी कट्टाकाकांच्या बाजूने.

कट्टाकाका
११ जून, रात्री ११:३१

चला, एका पायलटशी तरी एकमत झालं. झोपतो आता.

एनसीसी_जुना
१२ जून, सकाळी ७:०५

ताई, फुकटात उडायचा मार्ग कुणी सांगितला नाही अजून. एनडीए! खडकवासल्याला २०२२ पासून मुलींना प्रवेश आहे आणि त्यांची पहिली तुकडी २०२५ च्या मेमध्ये बाहेरही पडली. सरकार शिकवतं, वर स्टायपेंड देतं. मुलींसाठी नाशिकलाच सैनिकी सेवा पूर्वतयारी संस्था आहे, पण तिथला प्रवेश दहावीनंतर लगेच असतो, म्हणजे तुमची गाडी चुकली. तरी कॉलेजात एनसीसीची एअर विंग असेल तर घाला. मायक्रोलाइटमधून फिरवून आणतात.

शेपटीवारा
१२ जून, सकाळी ८:४०

जुनेसाहेब, मार्ग उत्तम, पण वायुदलाच्या फ्लाइंग ब्रँचला मायोपिया अजिबात चालत नाही. उणे सव्वा म्हणजे तिथलं दार बंद. एनडीएतून इतर शाखा मिळतील, कॉकपिट नाही. मुलीला आधीच सांगून टाकलेलं बरं.

एनसीसी मात्र जरूर. ते तास सीपीएलला धरत नाहीत, पण छोट्या विमानात उकाड्याचे हेलकावे बसले की पोटात काय होतं ते स्वस्तात कळतं.

गोंदियाचा_बारक्या
१२ जून, दुपारी २:१५

मी सध्या फ्लाइंग करतोय, १४० तास झालेत. आयडीवर जाऊ नका, गाव गोंदिया, पण शिकतोय दुसरीकडे. (गंमत म्हणजे घराशेजारी बिरसीला एनएफटीआय ही फ्लाइंग स्कूल आहे आणि मी तिथे नाही. लंबी कहानी.)

काकू, ब्रोशरमध्ये निळं आकाश आणि पांढरा शर्ट असतो. प्रत्यक्षात निम्मा वेळ खुर्चीत जातो. पहाटे पाचला उठायचं, कारण सकाळची हवा शांत. साडेपाचला हवामान बघायचं, सहाला ब्रीफिंग. मग कळतं, आपलं विमान हँगरमध्ये उघडून ठेवलंय आणि पार्ट यायचाय. किंवा व्हिजिबिलिटी पाचाच्या खाली. किंवा इन्स्ट्रक्टर एक, पोरं नऊ. जून ते सप्टेंबर तर विचारूच नका, कधी कधी आठवडाच्या आठवडा लॉगबुक उघडत नाही. '१२ महिन्यांत सीपीएल' म्हणणाऱ्याला पावसाळ्याचं काय ते आधी विचारा.

शाळा बघायला जाल तेव्हा ऑफिसात चहा पिऊन परत येऊ नका. ॲप्रनवर किती विमानं आहेत ते मोजा आणि त्यातली आज किती उडाली ते मेसमध्ये जेवणाऱ्या पोरांना विचारा. मालक बारा सांगेल, पोरं चार सांगतील. माझ्या आधीच्या ठिकाणी हेच झालं. पैसे आधी घेतले, विमानं महिनोन्‌महिने जमिनीवर. नाव घेत नाही, अजून थोडे परत यायचेत.

बाकी मजा विचाराल तर सोलो, म्हणजे पहिलं एकट्याने उड्डाण. इन्स्ट्रक्टर उजवीकडे बसतो, आपण डावीकडे. त्या दिवशी सरांनी तीन सर्किट (उडायचं, धावपट्टीभोवती फेरी मारायची, परत उतरायचं) मारून घेतले, टॅक्सीवेवर थांबवलं, इंजिन चालूच, दार उघडलं, पट्टा काढून रिकाम्या सीटवर नीट आवळून ठेवला आणि म्हणाले, "एक सर्किट, फुल स्टॉप, उगाच हिरोगिरी नको." आणि गेले चालत. सर चांगले नव्वद किलोचे. ते उतरल्यावर सेस्ना १५२ जे काय उचललं! सरांबरोबर हजार फूट व्हायला क्रॉसविंड (सर्किटमधला पहिल्या वळणानंतरचा टप्पा) संपायचा, एकट्याने त्याच्या कितीतरी आधी झाले. आणि उतरताना तेच उलट. हलकं विमान खाली बसायलाच तयार नाही, तरंगतच राहिलं. तोंडाने मी सतत बडबडत होतो, आकडे, चेक, सरांच्या शिव्यासकट. टेकलं एकदाचं. बाहेर पोरं बादल्या घेऊन उभी होती. डिसेंबरचं पाणी, दात वाजेपर्यंत ओतलं.

मधुमालती
१२ जून, दुपारी २:४०

बारक्या, अंगावर काटा आला! घरचे होते का बघायला?

गोंदियाचा_बारक्या
१२ जून, दुपारी ३:०२

नाही हो काकू. सोलो कधी सोडतील ते आधी सांगतच नाहीत. सांगितलं तर आदल्या रात्री झोप लागेल का पोराला?

भौतिकवाले_सर
१२ जून, रात्री ९:१८

मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. विमानाशी संबंध प्रवासी म्हणूनच, तरी एक भर घालतो. पहाटे उडण्याचं कारण केवळ शांत हवा एवढंच नाही.

समजा धावपट्टी समुद्रसपाटीपासून २००० फुटांवर आहे. प्रमाण वातावरणात तिथे ११ अंश तापमान धरतात. मे महिन्यात दुपारी आहे ४१. फरक ३० अंश. दर अंशाला सुमारे १२० फूट या हिशेबाने ३६०० फूट झाले. म्हणजे पंख आणि इंजिन यांच्या लेखी ते विमान २००० वर नसून ५६०० फुटांवर उभं आहे. हवा विरळ, पंखांना उचल कमी, इंजिनाला ऑक्सिजन कमी, धाव लांब. अकरावीचं आदर्श वायूचं समीकरण आहे हे, दुसरं काही नाही.

पारिजातताई, मुलीला सांगा, बारावीचं पुस्तक आणि पायलटचं पुस्तक वेगळं नसतं. माझ्या वर्गात 'सर, याचा उपयोग काय' विचारणारी दहा तरी पोरं असतात.

न्यूजर्सीकर
१३ जून, पहाटे ५:५०

इथला अनुभव लिहितो, तुलनेला म्हणून. माझ्या मुलाने गेल्या वर्षी सतराव्या वाढदिवसानंतर काही आठवड्यांत प्रायव्हेट काढलं. अमेरिकेत १६ ला सोलो, १७ ला लायसन्स, ग्लायडरला तर १४ लाच एकट्याने सोडतात. सुरुवात यंग ईगल्सपासून झाली. ८ ते १७ वयाच्या मुलांना हौशी पायलट आपल्या विमानातून एकदा फुकट फिरवून आणतात. एकदा फिरून आला आणि मग आमचं काही चाललं नाही.

किमान ४० तास कागदावर. प्रत्यक्षात ६०-७० लागतात, ह्याला जरा जास्तच लागले. भाडं आणि इन्स्ट्रक्टर धरून तासाला दोनशे डॉलरच्या वरच. अर्धा खर्च त्याने आइस्क्रीमच्या दुकानात काम करून काढला. परीक्षेत आधी तोंडी, तीही तासन्‌तास. परीक्षकाने नकाशा पसरून विचारलं, "इथे इंजिन बंद पडलं, कुठे उतरशील?" ह्याने शेत दाखवलं. "त्या शेतात आत्ता मका किती उंच आहे?" पोरगं गप्प. नशिबाने पास केलं.

इकडे पोरांचं बरं आहे, सात मैलांवर छोटा विमानतळ, शाळा सुटली की जातात. पण 'मुलीला अमेरिकेला पाठवा, सहा महिन्यांत सीपीएल' असं कुणी म्हणालं तर लक्षात ठेवा: तिकडचं लायसन्स भारतीय करून घ्यायला डीजीसीएचे पेपर द्यावेच लागतात. डॉलरचा भाव, व्हिसा आणि राहणं वेगळं.

कट्टाकाका
१३ जून, सकाळी १०:३०

आइस्क्रीम विकून विमान शिकला! इथे आमचा नातू आइस्क्रीम खाऊन क्लास बुडवतो.

पण मूळ मुद्द्यावर या. ताई, सीपीएलचा सगळा खर्च आजकाल ५० ते ७० लाखांत जातो. त्यापुढे एअरबस किंवा बोइंगचं टाइप रेटिंग (त्या एका जातीचं विमान चालवायचं वेगळं प्रशिक्षण), ते वेगळे १५-२० लाख. एअरलाइनचे कॅडेट प्रोग्राम तर एकूण कोटीच्या आसपास. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या पुढे गेलं की बँक तारण मागते, म्हणजे सिन्नरचा प्लॉट आलाच. विकू नका, तारण ठेवा. आणि हप्ता पहिल्या नोकरीच्या भरवशावर धरू नका, दोन पगारांतून जमेल एवढाच धरा.

शेपटीवारा
१३ जून, दुपारी १२:२५

काका, हिशेब बरोबर. दुसरी बाजूही मांडतो. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची ऑर्डर दिली. ती वर्षानुवर्षं येत राहणार आणि प्रत्येकाला पायलटांचे बरेच संच लागतात. त्यामुळे हा धंदा बुडीत नाही. पण भरती लाटेने येते. तुमची मुलगी लाटेवर बाहेर पडेल की ओहोटीला, हे आज कुणालाच सांगता येणार नाही. जेटच्या वेळी मी स्वतः ओहोटीत होतो, म्हणून तर इन्स्ट्रक्टर झालो.

सरकारी मार्ग दोन. रायबरेलीजवळ फुरसतगंजला इग्रुआ ही सरकारी फ्लाइंग अकादमी आहे, प्रवेश परीक्षेने. दुसरं, ओबीसी, भटके-विमुक्त या प्रवर्गांतल्या मुलांसाठी महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबमधून सीपीएलचं प्रशिक्षण दिलेलं आहे. तुम्ही त्यात बसत असाल तर जाहिरातीवर नजर ठेवा. जागा मोजक्याच असतात.

पारिजात_नाशिक
१३ जून, रात्री १०:०५

सगळ्यांचे खूप आभार. इतकं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. महाज्योतीत आम्ही बसतो, ते माहीतच नव्हतं.

ह्यांना बारक्याचं पोस्ट वाचून दाखवलं. विमानं मोजायची हे फार पटलं. म्हणाले, डेपो बघायला गेल्यावर मीही आधी पिटवर किती गाड्या उभ्या आहेत तेच बघतो.

आता लेक मागे लागलीय, तिला लिहायचंय. देते.

पारिजात_नाशिक
१३ जून, रात्री १०:१९

नमस्कार, मी मुलगी, आईच्या आयडीवरून. मला पायलट 'व्हायचंय' असं सगळे म्हणतात, पण मला आधी चालवायचंय. नोकरीचं नंतर बघू (आई हे वाचतेय, ठीक आहे). बारक्यादादा, टेकऑफच्या आधी विमानाभोवती फिरून जे बघतात ते नक्की काय असतं? व्हिडिओत सगळे घाईघाईत दाखवतात.

आणि माझ्या वयाचं कुणी भारतात खरंच उडवतं का, की मलाच वेड लागलंय?

गोंदियाचा_बारक्या
१३ जून, रात्री ११:०८

वेड सगळ्यांनाच लागलेलं असतं, टेन्शन नको घेऊ.

प्रीफ्लाइट. एकच गोष्ट सांगतो, बाकी शिकशीलच. पंखाखाली टाकीचा छोटा व्हॉल्व असतो. पारदर्शक कप लावून त्यातून थोडं पेट्रोल काढायचं आणि उजेडात धरायचं. अ‍ॅव्हगॅस निळसर असतं. रात्रीच्या दमटपणाने टाकीत पाणी जमलं असेल तर ते जड म्हणून तळाशी थेंब होऊन बसतं, वर निळं, खाली बिनरंगी, मध्ये स्पष्ट रेघ. ती दिसली की परत काढायचं, रेघ जाईपर्यंत. आता खरी मेख. कप पूर्ण स्वच्छ दिसला, रेघच नाही, तर खूश व्हायचं नाही. आधी रंग बघायचा. निळा नसेल तर अख्खा कप पाण्याचा असू शकतो! आमच्या सरांनी मुद्दाम पाणी भरलेला कप हातात देऊन विचारलं होतं, "कसं आहे?" तिघांनी "क्लीन सर" म्हटलं. तिघांना दोन दिवस विमान पुसायला लावलं.

शेपटीवारा
१४ जून, सकाळी ९:१०

बाळा, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जुनं आहे. १९३० मध्ये आगाखानांनी इंग्लंड आणि भारत यांच्यामध्ये एकट्याने उड्डाण करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी बक्षीस लावलं होतं. ते जिंकलं अस्पी इंजिनीयर यांनी, वय वर्षं १७. वाटेत इजिप्तमध्ये ते स्पार्क प्लगसाठी अडकले. समोरच्या दिशेने, भारतातून इंग्लंडकडे निघालेला प्रतिस्पर्धी तिथे उतरला आणि त्याने आपल्याकडचा जादा प्लग काढून दिला. तो प्रतिस्पर्धी म्हणजे जेआरडी टाटा, ज्यांना १० फेब्रुवारी १९२९ ला भारतात मिळालेलं पहिलं लायसन्स मुंबईत मिळालं होतं. प्लग दिला आणि शर्यत हरले. अस्पी पुढे वायुदलप्रमुख झाले.

आणि मुलगी म्हणून कुणी काही बोललं तर सौदामिनी देशमुख हे नाव सांग. १९८५ मध्ये सगळ्या महिला असलेल्या क्रूचं उड्डाण त्यांनी कमांड केलं, कलकत्ता ते सिल्चर, फोकर फ्रेंडशिप. तेव्हा माझाही जन्म झाला नव्हता.

एनसीसी_जुना
१४ जून, सकाळी ९:४५

पुण्यात हडपसरला ग्लायडिंग सेंटर आहे, तेही सांगा पोरीला. इंजिन नाही, विंचने दोर ओढून वर सोडतात. आमच्या काळी पोरं सकाळी सायकलने जायची. सध्या प्रवेश कसे चालू आहेत ते आधी फोन करून विचारा, मगच पुण्याची गाडी पकडा.

शेपटीवारा
१४ जून, सकाळी १०:०२

+१. इंजिन नसताना उतरायला जो शिकला त्याचा अप्रोच कायम नीटनेटका असतो. दुसऱ्यांदा प्रयत्न करायची सोयच नसते ना.

पारिजात_नाशिक
२३ ऑक्टोबर, रात्री ९:१५

धागा वर काढतेय, माफ करा. बऱ्याच जणांनी व्यनितून विचारलं म्हणून इथेच लिहिते.

क्लास टू झालं, फिट. रंगांच्या चित्रांची मला धडधड होती. लेकीने पानं उलटायच्या आत आकडे सांगितले. डॉक्टर म्हणाले, अगं थांब, मला लिहू दे. हिमोग्लोबिन कमी निघालं होतं, त्यासाठी महिनाभर गोळ्या आणि परत तपासणी. बाकी चष्म्याचं शेपटीवारांनी सांगितलं तसंच झालं.

मे महिन्याच्या सुट्टीत दोन शाळा बघून येणार आहोत, धुळ्याला आणि आणखी एक. पैसे एक रुपयाही भरलेले नाहीत. ते सवलतवाले गृहस्थ अजून फोन करतात, दर महिन्याला शेवटची तारीख असते. एसपीएल बारावीच्या परीक्षेनंतर. यावरून घरात आठवडाभर अबोला होता. लेकीचं म्हणणं, लाखभर रुपयांचे तरी तास आत्ता द्या. ह्यांचं म्हणणं, अर्धवट ओव्हरहॉल करून गाडी रस्त्यावर काढत नाहीत. शेवटी तह झाला: बारावीपर्यंत विमान नाही, पण रेग्युलेशन आणि मेटिओरॉलॉजीची पुस्तकं घेऊन दिली. कॉलेजात एनसीसीची फक्त आर्मी विंग निघाली.

एकच विचारायचंय, डीजीसीएचे पेपर बारावीआधी देता येतील का?

शेपटीवारा
२३ ऑक्टोबर, रात्री ११:४०

फिट! अभिनंदन. सीपीएलच्या पेपरांसाठी कॉम्प्युटर नंबर (डीजीसीएकडचा परीक्षार्थी क्रमांक) लागतो आणि तो काढायला बारावीची गुणपत्रिका बोर्डाकडून पडताळून घ्यावी लागते. म्हणजे नंतरच. बारावीचा निकाल हातात आला की पहिल्या आठवड्यात पडताळणीचा अर्ज टाका, तिथे बरेच दिवस जातात. प्रत्येक पेपरला ७० टक्के लागतात, निगेटिव्ह मार्किंग नाही. नॅव्हिगेशनला सगळ्यात जास्त पोरं आपटतात. क्लास वनही फ्लाइंगचे पैसे भरण्याआधी. क्रम लक्षात ठेवा: क्लास वन, पेपर, मग विमान. पेपर काढून आलेली मुलगी रिकाम्या दिवशी हॉस्टेलवर पुस्तकं घेऊन बसत नाही, मिळेल तो स्लॉट उडते.

अबोल्याबद्दल: ह्यांचं बरोबर आहे. लेकीचंही बरोबर आहे. पण पैसे ह्यांचे आहेत.

भौतिकवाले_सर
२४ ऑक्टोबर, सकाळी ८:२०

नॅव्हिगेशन आपटण्याचा विषय नाही, त्रिकोणमिती आहे. कन्येला एक गणित देतो. १०० मैलांचा प्रवास. ४० मैल गेल्यावर खाली बघितलं तर आपण ठरलेल्या रेषेच्या २ मैल डावीकडे. कोर्स किती बदलायचा? ६० मैलांत १ मैल सरकणं म्हणजे १ अंश, एवढंच वापरायचं. कॅल्क्युलेटर नाही.

पारिजात_नाशिक
२४ ऑक्टोबर, दुपारी ४:५०

मी मुलगी. ४० मैलांत २ म्हणजे ६० मैलांत ३, म्हणून आत्तापर्यंत ३ अंश चुकलो. उरले ६० मैल, त्यात २ मैल भरून काढायचे म्हणजे २ अंश. एकूण ५ अंश उजवीकडे.

भौतिकवाले_सर
२४ ऑक्टोबर, सायं. ५:१५

बरोबर. आता शेवटच्या ठिकाणी जाऊन मिळायचं नाही, पुढच्या ४० मैलांतच मूळ रेषेवर यायचंय. मग?

पारिजात_नाशिक
२४ ऑक्टोबर, सायं. ५:२१

६ अंश उजवीकडे. रेषेवर आलो की ३ अंश परत डावीकडे, नाहीतर पलीकडे निघून जाऊ. वारा तोच आहे असं धरून. सर, अजून द्या, पण वारा बदलून.

कट्टाकाका
२४ ऑक्टोबर, सायं. ५:४०

सहा मिनिटांत उत्तर? सर, वारा चांगला जोरात सोडा आता. आणि ताई, ते सवलतवाले परत फोन करतील तेव्हा माझा नंबर द्या त्यांना.